कडी काढलेला रुपया

मुरलीधर गेला तेव्हा मी वांगी तोडत होतो. देऊळघाटला भादव्यात सकाळी नदीकडून धुकं येतं अन् वावरात बसून राहतं, तसं बसलं होतं. हातभर अंतरावरचं झाड दिसत नव्हतं. वांगं आधी हाताला लागायचं अन् मग डोळ्याला दिसायचं. खिशातला फोन वाजला. मुरलीची मुलगी सुनीता होती. "काका, बाबा गेले," एवढंच बोलली. मी विचारलं, "कुठी गेले?" अन् विचारता विचारताच मला समजलं. म्हणजे कानाला समजलं, बाकी अंगाला समजायला वेळ लागला, कारण फोन खिशात घालून मी आणखी अर्धी ओळ तोडली. धुक्यात माणूस मेल्यासारखा वाटतच नाही. वाटतं इथंच आहे, दोन ओळी पलीकडं, हाक मारली तर ओ देईल.

त्याला आता दीड महिना होत आला. मी चौथी शिकलेला माणूस, पेपरात लिहिणं माझं काम नाही. नात म्हणाली, आबा तुम्ही सांगा, मी चांगल्या भाषेत लिहून देते. मी म्हटलं, माझी भाषा चांगलीच आहे, तू फक्त वेलांट्या पाहा. मुरलीबद्दल जे सांगायचं आहे ते पेपरातच सांगावं लागणार आहे, काऊन, म्हणजे का, ते शेवटी येईल.

मुरलीधर घड्याळजी. बुलढाण्याच्या बाजारगल्लीत, बोळाच्या तोंडाशी, पानठेल्याएवढं त्याचं दुकान होतं. माझ्या लग्नात सासऱ्यानं दिलेलं घड्याळ बंद पडलं म्हणून मी पहिल्यांदा तिथं गेलो. भाजीची टोपली बाहेर ठेवली अन् म्हटलं, विहिरीवर मोटर सुरू करताना पाणी गेलं असेल. त्यानं डोळ्यात भिंग घातलं, झाकण उघडलं, चिमट्यानं काहीतरी उचललं अन् माझ्या तळहातावर ठेवलं. धण्याचा दाणा होता. आमच्याकडं कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"पाणी नाही गेलं यात," तो म्हणाला, "तुहा सांबार पेरेल हाय. पाणी टाकत जाय, उगवन."

असा तो. हसायचा नाही, समोरच्याला हसायला लावायचा. त्या दिवसापासून माझं टोपलं विकलं गेलं की मी त्याच्या फळकुटावर जाऊन बसायचो. घड्याळ हे त्याचं पोट होतं, पण जीव होता जुन्या चांदीच्या रुपयांत. राणीछाप, राजाछाप, त्याआधीचे ठोकळे. जिल्हाभरातून लोक त्याच्याकडं रुपये घेऊन यायचे. रुपया खरा का खोटा हे तर सोनारही सांगतो. मुरलीला लोक दुसरंच विचारत. रुपया खरा आहे, पण याच्या अंगाला कोणाचा हात लागला आहे का? कोणी घासला का, पॉलिश मारलं का, तेजाबात बुडवला का, नवा होता तो जुना दिसावा म्हणून काळा केला का? हौशी लोकांना ज्याच्या अंगाला कोणी शिवलं नाही असा रुपया लागतो. एकदा हात लागला की तो त्यांच्या कामातून गेला.

दुकानाला पूर्वेकडं एक पुस्तकाएवढी खिडकी होती. सकाळी दहाच्या सुमारास तिच्यातून ऊन यायचं अन् तासभर त्याच्या टेबलावर थांबायचं. रुपये तो त्याच तासात पाहायचा. बल्ब लावायचा नाही, दिवस ढगाळ असेल तर म्हणायचा उद्या या. दोन बोटांत काठानं रुपया धरायचा अन् उन्हात हळूहळू कलवायचा... अलीकडं, पलीकडं, अलीकडं. गल्लीतला गोंगाट तेव्हा लांब कुठंतरी गेल्यासारखा वाटायचा. भिंतीवर दहा-बारा घड्याळं आपापला वेळ सांगत राहायची. कोणाचाच कोणाशी मेळ नसायचा, अन् मला वाटायचं आपण कोणत्याच दिवसात बसलेलो नाही.

एकदा त्यानं भिंग माझ्या डोळ्याला लावलं. मी रुपया धरला, कलवला, अन् सांगतो, मला त्यात गव्हाचं वावर दिसलं.

"दिसलं ना?" तो म्हणाला. "टाकसाळीत ठसा बसते तव्हा चांदी मधातून काठाकडं धावते. तिच्या बारीक बारीक रेषा राह्यतात. त्याच्यावरून उजेड फिरते, गव्हावरून वारा फिरते तसा. रुपया फिरवला का उजेड चालला पाह्यजे. आता हा पाह्य."

त्यानं दुसरा दिला. तो पहिल्यापेक्षा चकचकीत होता. पण कलवला तर उजेड जागचा हलेना. नुसता डोळ्यात घुसत होता.

"याले मशीनचा ब्रश मारला. गहू कापून नेला, राह्यली नुसती धसकटं. अन् अक्षराच्या बुडाशी पाह्य, वखर मारल्यावर बांधाशी माती जमते ना, तशी चांदी जमली का नाही?"

जमली होती. मी शेतकरी, मला हे लगेच कळलं. मग तो सांगत गेला अन् मी वर्षानुवर्षं ऐकत गेलो. तेजाबात बुडवलेला रुपया पांढरा दिसतो, पण तो पांढरेपणा आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा असतो. घरात चिंचेनं अन् राखेनं धुतलेल्या रुपयाचं नाक-गाल उजळतात, पण अक्षरांच्या कोपऱ्यात काळं राहतंच. अन् काळेपणाबद्दल तो जे बोलला ते मी कधी विसरलो नाही. म्हणाला, "खरं काळं काठाकडून येते. आधी पिवळं, मंग तांबूस, मंग निळसर... सावकाश, दिवस मावळते तसं. लावलेलं काळं एकदम येते. लाईट गेल्यासारखं."

एकदा माझ्या टोपल्यातलं वांगं उचलून त्यानं उन्हात कलवलं अन् म्हणाला, "किसना, तुह्या वांग्यावर उजेड चालत नाही बे. तेलाचा हात देल्ला तुनं."

"गिऱ्हाईक चमक पाह्यते, मी काय करू?"

"हाव. ब्रशवालाबी हेच म्हणे."

पण हे सगळं तो माझ्याशी बोलायचा तेव्हा दुकानात तिसरं माणूस नसायचं. त्याचा एक नेम होता. रुपया कोणाचा, त्याला काय झालं, हे तो मालकाशिवाय दुसऱ्या कोणासमोर कधी बोलायचा नाही. नोकरीतून रिटायर झालेले एक साहेब एकदा डबीभर रुपये घेऊन आले. मोबाईलवर पाहून त्यांनी खायच्या सोड्यात अन् पोळ्या गुंडाळायच्या पन्नीत सगळे उकळून काढले होते. घरचे सगळे मोठ्या उमेदीनं सोबत आले होते. मुरलीनं एकच रुपया उन्हात धरला, परत डबीत ठेवला अन् म्हणाला, "साहेब, उद्या एकटे या. आज डोळ्यात पाणी येऊन राह्यलं माह्या." डोळ्यात पाणी-बिणी काही नव्हतं. ते गेल्यावर मी म्हटलं, सांगून टाकायचं ना. तो म्हणाला, "रुपयाची गोष्ट म्हणजे त्या घरातली गोष्ट असते. कोणी कायले घासला, कोणी काळा केला, कोण्या नडीनं... ते ज्याचं त्याले सांगावं. चारचौघांत सांगाले मी काय कोतवाल हाय, दवंडी द्याले?"

हा नेम मी मोडायला लावला.

आमच्या घरी एक राणीछाप रुपया होता. माझा आजा भिवाजी पैलवान. त्यानं एका मोठ्या कुस्तीत तो इनाम जिंकला होता. देवाच्या कोनाड्यात लाल फडक्यात असायचा. दिवाळीला घरातली सगळी चांदी चिंचेच्या पाण्यात पडायची, पण हा एक रुपया धुवायचा नाही असा दंडक होता. पाणी लागलं की आज्याचं बळ उतरतं म्हणायचे. त्यामुळं तो काळाशार होता. देऊळघाटात आमची ओळखच ती, पैलवानाचं घर. मला स्वतःला कुस्ती आली नाही, बापालाही नाही आली, पण रुपया होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी तो दाखवायचो अन् सांगायचो, याला जन्मात पाणी लागलं नाही.

एका वर्षी शाळेच्या हॉलात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरलं अन् मांडणीचं काम मुरलीकडं आलं. मी म्हटलं, माझाही ठेव. आठ दिवस आधी त्याच्या दुकानात नेऊन दिला. इतक्या वर्षांत मी तो त्याच्या उन्हात कधी धरू दिला नव्हता, गरजच काय होती? तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला, दुकानात येऊन जाय. बाजाराची घाई होती, गेलो नाही. परत निरोप आला. मी म्हटलं, प्रदर्शनात भेटूच. तिसऱ्यांदा त्यानं रज्जाक चहावाल्याकडून सांगून पाठवलं, दहाच्या सुमारास ये, एकटा ये. मला वाटलं चिठ्ठीवर काय लिहायचं ते विचारत असेल.

प्रदर्शनाच्या दिवशी नवं धोतर नेसून गेलो. हॉल भरलेला होता. सगळी टेबलं पाहिली, माझा रुपया कुठंच नव्हता.

"माहा रुपया कुठी हाय?"

"खिशात हाय माह्या," मुरली हळूच म्हणाला. "उद्या दुकानात ये, बोलू."

"उद्या कायले? लोकं आज आले. मांड, अन् चिठ्ठीवर लिव्ह, भिवाजी पैलवानानं कुस्तीत जिंकलेला."

"थे मी नाही लिव्हत."

"काऊन?"

"किसना, उद्या ये म्हटलं ना."

लोक वळून पाहायला लागले होते. मी तिथंच हटलो. आमच्या घराण्यात हट्ट सोडायची रीत नाही. म्हटलं, "उद्या नाही न् परवा नाही. इथंच सांग, चार लोकायसमोर सांग, काऊन नाही लिव्हत थे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आता आठवतो तेव्हा त्याचा चेहरा मला पाण्याखालून पाहिल्यासारखा दिसतो. तो म्हणाला, "याची कडी काढेल हाय. हा कोण्या बाईच्या गळ्यातला रुपया हाय. कडीच्या जागी काठ कानशीनं घासला अन् मंग गंधकानं काळा केला. इनामाच्या रुपयाले कडी नसते."

मागून कोणीतरी बोललं, "पैलवानच हार घालत असन गळ्यात!" अन् हॉल हसला.

ते हसणं माझ्या कानात शिरलं अन् तिथून जे बाहेर आलं ते मी बोललो. म्हटलं, "आठ दिवस रुपया याच्या दुकानात होता! माहा खरा रुपया यानं ठेवून घेतला अन् हा कोणाचा गळ्यातला मले देऊन राह्यला! लोकहो, आपापले घड्याळं पाहून घ्या!"

हसणं थांबलं. मुरलीनं खिशातून रुपया काढला, माझ्या हातावर ठेवला, माझी बोटं त्याच्यावर मिटली. म्हणाला, "घरी जाय, किसना." दुसरं काही बोलला नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही, कोणाजवळच नाही.

पुढच्या आठवड्यात लोक आपली घड्याळं घ्यायला आले, दुरुस्त झालेली अन् न झालेलीही. रुपयेवाले येणं बंद झालं. ज्याच्यावर रुपया बदलल्याचा आळ आहे त्याच्या हातात रुपया कोण देईल? रज्जाकभाईनं मला एकदा रस्त्यात धरून सांगितलं, "किसनभाऊ, दहा वाजता ऊन येते त्याच्या टेबलावर, अन् तो नुसता उन्हाकडं पाहत बसते." मी म्हटलं, चोराचं काय मला सांगतं? अन् बाजाराला दुसऱ्या गल्लीनं जायला लागलो. सात वर्षं दुसऱ्या गल्लीनं गेलो.

त्या सात वर्षांत तो मला स्वप्नात दिसायचा. दुपारी मळ्यात डोळा लागला की गव्हाचं वावर दिसायचं, त्याच्यावरून उजेड चालत जायचा, अन् पार त्या टोकाला मुरली भिंग घालून वाकून काहीतरी शोधत असायचा. मी हाक मारायला तोंड उघडायचो अन् त्याचं नावच आठवायचं नाही... जागा झाल्यावर आठवायचं, पण जागेपणी हाक मारायची नव्हती.

दोन वर्षांमागं माझी मोठी बहीण, आक्का, घरात पडली अन् मांडीचं हाड मोडलं. ती घाटाखाली वरवट बकालला दिलेली. भेटायला गेलो. बोलता बोलता मी तिला मुरलीनं रुपया कसा बदलला ते सांगितलं, जसं सगळ्यांना सांगायचो तसं. तिनं पूर्ण ऐकलं अन् मग पडल्या पडल्या छताकडं पाहत म्हणाली, "बदलला हे खरं हाय. पण त्यानं कायचा बदलला? मायनं बदलला होता."

मी तेव्हा पाळण्यात होतो, ती आठ-नऊ वर्षांची. आमच्या बापानं फुशारकी मारायला तो इनामाचा रुपया जत्रेत नेला अन् गर्दीत कुठंतरी पाडून आला. घरात कोणाला सांगायची हिंमत नाही, फक्त मायला सांगितलं. नागपंचमी आठ दिवसांवर आली होती. नागपंचमीला आजा रुपया हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा. मायच्या गळ्यात रुपयांची माळ होती. तिनं एक राणीछाप काढला, सोनाराकडून कडी उतरवून घेतली. कानशीनं घासलेली जागा अन् तो सगळाच रुपया लख्ख दिसायला लागला. मग ती घासलेली जागा दिसू नये म्हणून, घरात खरजेसाठी गंधक असायचं, ते अन् रुपया एका फडक्यात बांधून मायनं चुलीच्या उबेला ठेवला. आक्काला तो वास अजून आठवतो.

"अन् नागपंचमीले?" मी विचारलं.

"आज्यानं हातात घेतला. डोळे अधू झालते त्याचे, पण बोटं पैलवानाचे. काठावरून अंगठा फिरवला अन् एका जाग्यावर थांबला... माय दारात उभी, पदर तोंडात. मले वाटलं आता हा बाबाले उभा फाडते. पण त्यानं रुपया कपाळाले लावला अन् म्हणे, हाव, हाच. अन् मंग म्हणे, सूनबाई, आजपासून याले पाणी लावू नोका. बळ उतरते."

 तो दंडक तेव्हाचा. धुतला असता तर मायचं गंधक उतरलं असतं.

"मले काऊन नाही सांगितलं कोणी?"

"तुनं इचारलं कधी? तू तं लोकायले सांगतच फिरे!"

घाट चढताना एसटीच्या खिडकीतून मी पाहत होतो अन् मला काहीच दिसत नव्हतं. मुरली एकेक शब्द खरा बोलला होता. कडी, गळा, कानस, गंधक. मला वाटलं होतं आपण सरळ त्याच्या दारात उतरू. नाही उतरलो. एक पावसाळा गेला, एक उन्हाळा गेला. पाय तयार होते, तोंड तयार नव्हतं. काय म्हणून आत जायचं, अन् आधी कोण बोलणार? असल्या गोष्टींत माणूस म्हातारा होऊन जातो, मी तर आधीच होतो.

यंदा आषाढात गेलो. सुनीतानं दार उघडलं अन् बाजूला झाली. मुरली बाजेवर बसला होता. काचबिंदूनं त्याचे दोन्ही डोळे गेले होते, हे मला गल्ली बदलल्यामुळं ठाऊकही नव्हतं. एक घड्याळ कानाला लावून तो ऐकत होता. मी जवळ गेलो अन् रुपया त्याच्या तळहातावर ठेवला. त्याचं नख काठावरून फिरत गेलं अन् थांबलं.

"किसना," तो म्हणाला. "लय उशीर केला बे. चहा जळून गेला."

मग मी सगळं सांगितलं. आक्का, जत्रा, माळ, गंधक. घड्याळ ऐकायचा तसं मान तिरपी करून तो ऐकत होता. आज्याचा अंगठा थांबला तिथं आलो तेव्हा तो हसला, मी त्याला तेवढं मोकळं हसताना पाहिलंच नव्हतं.

"तुहा आजा माह्यापेक्षा मोठा पारखी निंघाला. त्याले समजलं अन् त्यानं झाकून टाकलं."

"तूबी झाकूनच राह्यला होता. मीच उघडाले लावलं."

 माझा अंगठा त्यानं आपल्या हातात धरला अन् रुपयाच्या काठावर ठेवला. "हे पाह्य, इथी कडी होती. अन् आता हे मागची बाजू. मऊ लागते ना? हे बाजू अंगाकडं राहे तुह्या मायच्या. चालता-बसता, वावरात वाकता, तुले पाजता... घासून घासून अक्षरं मऊ झाले. म्या तव्हाच ओळखलं होतं का हे ठगाचं काम नोहे. ठग मागची बाजू अशी ठेवत नाही. हे घरच्याचं काम होतं. तेच तुले एकट्याले सांगाचं होतं."

मी म्हटलं, "मुरली, माह्यं चुकलं."

"मले कायले सांगतं? मले तं ठाऊकच होतं म्या बदलला नाही." त्याचा आवाज जरा कडक झाला. "ज्यायच्यासमोर बोलला त्यायले सांग. सुनीताले लोकं घड्याळजीची पोरगी म्हणतात अन् पुढचं मनात ठेवतात. तिच्यासाठी सांग."

"सांगतो. पोळा होऊ दे, बाजार झाला का चार लोकं जमवतो अन् सांगतो."

"पोळा होऊ दे," तो म्हणाला, अन् घड्याळ परत कानाला लावलं.

पोळा झाला. मी लोक जमवले नाहीत. वांगी भरात होती, पाऊस लांबला होता, कारणं भरपूर होती. खरं एकच होतं, माझ्या तोंडून बाहेर पडत नव्हतं. भादव्यात सुनीताचा फोन आला.

तेराव्याला मांडवात मी उभा राहिलो. बोलायलाच उभा राहिलो होतो. कोणीतरी पाण्याचा गिलास आणून दिला, ते मी प्यालो अन् खाली बसलो. नंतर सुनीताला म्हटलं, पोरी, त्या हॉलात कोणकोण होतं, ज्यांनी घड्याळं परत नेली त्यांची नावं बाबानं कुठं लिहून ठेवली का? मी दारोदार जातो. ती म्हणाली, "काका, बाबायनं कोणाचंच नाव नाही लिहून ठेवलं." रज्जाकभाई दोन वर्षांआधीच वारला. जे आठवतात त्यातले काही लेकांकडं पुण्याला गेले, काही मुरलीच्याही पुढं गेले. मी बोललो ते जिल्हाभर गेलं होतं, अन् परत आणायला माझ्याजवळ दोन पाय होते.

मग दिवाळी आली. सुनेनं परातीत चिंचेचं पाणी केलं, निरांजनं, वाट्या, पूजेचे रुपये त्यात टाकले अन् विचारलं, "मामाजी, काळा रुपया यंदाबी नाही धुवायचा ना?" घरातले सगळे तिथंच होते. मी सांगून टाकलं, आज्याच्या अंगठ्यापासून मुरलीच्या नखापर्यंत. मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "बाबा, घरात सांगितलं ते ठीक हाय. बाहेर कायले सांगता? पैलवानाचं घर म्हणून नाव हाय आपलं. लोकं हसतीन."

"हसू दे. आजा पैलवान होता, त्याचं नाव कोणी काढून नाही नेत. रुपया मात्र माह्या मायचा हाय."

तो उठून अंगणात गेला.  सुनेनं लाल फडक्यातून रुपया काढला, पाण्यात घातला नाही, पदरानं पुसलाही नाही. संध्याकाळी पूजा मांडली तेव्हा चकचकीत चांदीच्या मधोमध तो काळाच ठेवला, पण उलटा... राणी खाली, मऊ बाजू वर. त्या मऊ बाजूवर तिनं हळद-कुंकू वाहिलं. दिव्याची ज्योत हलत होती, अन् इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या रुपयाकडं पाहताना आज्याच्या जागी माय दिसली, वावरात वाकलेली, गळ्यातली माळ पुढं लोंबलेली. मुरली नसता तर ती मला त्यात कधी दिसलीच नसती.

मुलगा अजून नीट बोलत नाही. पेपरात देऊ नका म्हणतो. पण चार लोकांत बोललेलं चार लोकांतच मागं घ्यावं लागतं, आमच्याकडं तीच रीत आहे, अन् ते चार लोक आता मला दुसरीकडं कुठं भेटणार नाहीत.

तर त्या दिवशी शाळेच्या हॉलात जे होते त्यांनी, अन् ज्यांनी त्यांच्याकडून ऐकलं त्यांनीही ऐकावं. मी किसन, भिवाजी पैलवानाचा नातू, देऊळघाटचा. मुरलीधर घड्याळजीनं माझा रुपया बदलला नव्हता. त्यानं कधी कोणाचा रुपया, कोणाचं घड्याळ, घड्याळातला एक स्क्रूसुद्धा बदलून ठेवला नाही. खोटं मी बोललो. त्याला जे सांगायचं होतं ते मला एकट्याला सांगायला त्यानं तीनदा बोलावलं होतं, सकाळी दहाच्या उन्हात. मी गेलो नाही.